पाठ बघ

बदकं भिंतीवरून खाली उतरली आणि घरात भांडणाला तोंड फुटलं.

भांडण तसंही होणारच होतं. मधला इतक्या वर्षांनी परदेशातून घरी येतोय हे कळल्यापासून थोरलीनं ओठ मिटून घेतले होते, आणि ती ओठ मिटून वावरायला लागली की घरातली भांडीसुद्धा जपून वाजतात. पण सुरुवात बदकांवरून होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तळ्यात पोहणारी तीन बदकं, मागे निळा डोंगर, काठाला लव्हाळी. ताटाएवढ्या पत्र्यावर काचेच्या रंगात भाजून काढलेलं ते चित्र मधल्यानं तिकडून पाठवलं, तेव्हा धाकट्याचं लग्नही झालं नव्हतं. तेव्हापासून ते बैठकीच्या खोलीत घड्याळाखाली लटकत होतं. आज ते टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध पडलं होतं आणि प्रदर्शनवाली बाई हातात पांढरे मोजे चढवून त्याच्यावर वाकली होती.

"हे आम्हाला हवंच आहे," प्रदर्शनवाली म्हणाली. "त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन आहे, आणि सुरुवातीच्या काळातलं सुटं काम हे एकच शिल्लक आहे. गाडी खाली उभी आहे."

"गाडी उभी राहू दे," थोरली म्हणाली. "मी बसलेय."

तिनं कप उचलून चहाचा घोट घेतला. कप धरला की तिची करंगळी वाकडी होऊन वर राहायची. लहानपणी पत्र्याला भोकं पाडायच्या यंत्राखाली ती करंगळी सापडली होती. दांडा मधल्यानं सोडला होता, पण वडिलांना तिनं सांगितलं की माझाच हात घसरला. तेव्हापासून धाकटा तिला 'महाराणी' म्हणायचा. महाराणींनी चहा संपवला आणि मधल्याकडे न बघता कप खाली ठेवला.

मधला समोरच्या खुर्चीत आपले थरथरणारे हात मांडीवर दाबून बसला होता. हे हात आता ब्रश धरत नाहीत, हे त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. थोरलीला त्यावर काहीतरी बोलायचं होतं. पण काय बोलायचं हेच तिला ठरवता येईना. बरं झालं म्हणावं तर जीभ जळेल, वाईट झालं म्हणावं तर इतक्या वर्षांचा राग फुकट जाईल.

"ताई, दे ना," धाकटा म्हणाला. "आपल्याच भावाचं कौतुक होतंय. तुला ती बदकं कधी आवडली होती? तूच म्हणायचीस, घर सोडून गेला आणि बिस्किटाच्या डब्यावरची चित्रं काढायला लागला."

"वन्संना द्यायचं नसेल तर नाही देणार," धाकट्याची बायको मधे पडली. "वस्तू त्यांची आहे. भाऊजींनी ती त्यांना पाठवली होती, तुम्हाला नाही."

"पाठवली!" थोरली म्हणाली. "कशी पाठवली ते विचार की."

ते सगळ्यांना माहीत होतं, तरी या घरात ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. मधला गेला त्या दिवशी वडील अंथरुणावर होते आणि खालच्या पाट्यांच्या कारखान्यातली भट्टी पेटलेली होती. थोरली त्याला म्हणाली, "जातोस तर जा. यापुढे मला तुझी पाठसुद्धा दिसायला नको." मधला तिच्या पाठचा. दोघांमध्ये तिसरं मूल नव्हतं, म्हणून तिला ते जास्त लागलं होतं. मग बऱ्याच दिवसांनी त्याच्याबरोबर काम करणारा एक गवंडी सुट्टीवर आला, त्यानं हा पत्रा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्या भावाचा निरोप आहे. ताईला म्हणावं, पाठ बघ."

आता पाठ म्हणजे काय ते या घरातल्या पोराटोरांनाही कळायचं. पत्र्याला एकाच अंगाला काच चढवली तर भट्टीत तो वाकतो आणि काच तडकते. म्हणून मागच्या अंगालाही लेप द्यावा लागतो. कारखान्यात त्याला पाठ म्हणत. पाठ भिंतीकडे जाते, ती कुणी बघत नाही, मग तिला चांगला रंग कोण घालवणार? दिवसभराच्या वाट्यांच्या तळाशी उरलेले रंग खरवडून एकत्र करायचे आणि ते पाठीला फासायचे. त्याचं नावच खरवड. तर थोरलीनं पत्रा उलटा केला, पाठ बघितली आणि तिला खरवड दिसली. पुढून बदकं, ती जगाला. मागून खरवड, ती बहिणीला. माझी पाठ दिसायला नको म्हणालीस ना, मग ही घे, बघ. तिनं बदकं भिंतीला लावली आणि भावाशी बोलणं टाकलं.

"मी असा निरोप नव्हता दिला," मधला हळूच म्हणाला.

"गवंड्यानं बनवून सांगितला?"

"नाही. शब्द तेच होते."

"मग?"

मधल्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात प्रदर्शनवालीनं दोन्ही हातांनी पत्रा उचलून उलटा केला आणि ती जवळजवळ ओरडलीच.

"हीच! बघा, इथेसुद्धा आहे. तुटकी चौथी रेघ!"

तिनं पिशवीतून प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक काढून टेबलावर उघडलं. त्यात मधल्याच्या सगळ्या कामांचे फोटो होते. इस्पितळाची लांबच लांब भिंत, स्टेशनातला जिना, कुठल्याशा बँकेचा दर्शनी भाग. सगळीकडे पत्रेच पत्रे. आणि त्या पत्र्यांवर ना बदकं, ना डोंगर. मिसळलेले, ढवळलेले, एकमेकांत घुसलेले रंग, आणि त्यांतून वळण घेत खाली उतरणाऱ्या चार रेघा. तीन सलग. चौथी मधेच तुटलेली, मग पुन्हा सुरू झालेली.

"ही रेघ म्हणजे त्यांची सही," प्रदर्शनवाली म्हणाली. "यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. देश सोडलेल्या माणसाची तुटलेली नाळ. मी स्वतः त्यावर एक प्रकरण लिहिलंय."

थोरलीनं पुस्तकाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पत्र्याकडे. "म्हणजे तुम्हाला बदकं नकोत?"

"बदकं? नाही हो. बदकं तिथल्या भांड्यांच्या कारखान्याची. रोज ढिगानं काढावी लागायची, सगळ्यांनाच. आम्हाला ही बाजू हवी."

मग धाकटा हसायला लागला. "म्हणजे आपण उलटं लावलं होतं! बाप जन्मभर पाट्या करून मेला, बहिणीनं कारखाना चालवला, मी दुकान चालवलं, आणि पुढची बाजू कुठली, मागची कुठली हे आपल्याला कळलं नाही!"

"दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असतं तर बरोबर लागलं असतं," त्याची बायको म्हणाली. "ज्यांना पाठ माहीत नाही त्यांच्या घरी."

तिचं बोलणं खरं होतं, म्हणून थोरलीला ते झोंबलं. आणि ही आत्तापर्यंत आपल्या बाजूनं होती, हेही तिच्या लक्षात आलं. "उलटं कसलं? खरवड ती खरवड," ती म्हणाली, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा राग धरला ती भिंतीकडे तोंड करून होती, आणि जिच्यावर नाक मुरडलं त्या बदकांचा यात काही दोषच नव्हता. मग आता चिडायचं कशावर? तिला सुचेना. घड्याळाखाली पत्र्याच्या जागी भिंतीचा मूळ रंग उघडा पडला होता, आणि ती उगीच त्याच्याकडे बघत राहिली.

या सगळ्यात धाकट्याची मुलगी इतका वेळ गप्प होती. ती दातांची डॉक्टर. 'घराण्याचा धंदा हीच चालवते, पाट्यांच्या ऐवजी दातांना लेप लावते,' असं धाकटा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ती पुस्तकातले फोटो एकेक करून बघत होती, रुग्णाचा दात बघावा तशी, कपाळाला आठी घालून. मग काही न बोलता उठली आणि जिना उतरून खाली गेली. बंद कारखान्याचं दार करकरलं. ती वर आली तेव्हा तिच्या केसांना जळमटं लागली होती आणि हातात एक पाटी होती. 'कुत्र्यापासून सावध.' न विकलेल्या मालातली.

"लहानपणी मी खाली खेळायचे तेव्हा या पाट्या उलट्या मांडून त्यांची नदी करायचे," ती म्हणाली आणि तिनं पाटी बदकांच्या शेजारी पालथी ठेवली.

पाटीच्या पाठीवर हिरवा, तपकिरी आणि खोल निळा रंग एकमेकांत मिसळला होता. त्यातून वळण घेत खाली उतरणाऱ्या चार रेघा. तीन सलग. चौथी तुटलेली.

प्रदर्शनवाली खुर्चीत बसली. "ही त्यांनी केव्हा केली?"

"त्यांनी नाही," मुलगी म्हणाली. "बाबा, पाठी कोण लावायचं?"

"सगळ्या पाठी ताईच्या," धाकटा म्हणाला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "वडील म्हणायचे, पुढच्या अंगाला मुलगा, पाठीला मुलगी. अक्षरं, नंबर, कडा हे सगळं आम्ही काढायचं. ती सकाळपासून पाठी फासायची."

मुलीनं आत्याचा हात धरून पाटीवर ठेवला. चार बोटं रेघांच्या डोक्यावर टेकवून तिनं तो हात खाली ओढला. तीन बोटं रेघांवरून सलग गेली. करंगळी मधेच वाकून वर उचलली गेली आणि तिचं टोक तुटलेल्या जागेच्या खाली पुन्हा टेकलं.

"आत्या, अगं हे तुझं आहे."

थोरलीनं हात काढून घेतला नाही. तिला तो काढायचं सुचलंच नाही. आपण हे केलंय यावर तिचा विश्वास बसत नव्हता, आणि त्याला कारणही होतं. कच्ची काच म्हणजे चिखल. वाटीत लाल असो की निळा, सगळा राखाडी, मळकट. खरा रंग भट्टीतून बाहेर येतो. आणि भट्टीतून निघालेला माल तिच्या हाती कधी आलाच नव्हता. तो पुरुष माणसांनी निवडायचा, पुढून तपासायचा, कागदात गुंडाळून पेटीत भरायचा. आपल्या हातचा तिनं उभ्या जन्मात फक्त ओला चिखल पाहिला होता. कारखाना तिच्या हाती आला तेव्हा ती टेबलाशी बसायला लागली, आणि पाठी दुसरं कुणीतरी लावायला लागलं.

"मी चित्र नव्हते गं काढत," ती म्हणाली. "ओला पत्रा खिळ्याला अडकवला की खालच्या कडेला थेंब साचतो. जाड थेंब भट्टीत तडकतो. तो साचू नये म्हणून वरून खाली बोटं फिरवायची. बस्स. कुणीही फिरवेल."

"कुणीही फिरवेल, पण रेघ अशी तुटणार नाही," मुलगी म्हणाली आणि मधल्याकडे वळली. "काका, तुम्ही आत्याचं चोरलंत."

"तोंड सांभाळ!" थोरली कडाडली. "माझ्या पाठचा आहे तो!"

सगळे चमकले. सर्वांत जास्त ती स्वतःच चमकली. इतकी वर्षं त्याला कुणीतरी तोंडावर बोलावं म्हणून ती वाट बघत होती. आज कुणी बोललं तर हिनंच ढाल पुढे केली. ती खुर्चीत मागे टेकली. तिला आपलंच हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्हींतलं कुठलं आवरावं हे कळेना.

"बोलू दे तिला," मधला म्हणाला. "मीही हेच म्हणतो कधीकधी. कधीकधी नाही म्हणत." त्यानं हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले. "तिथे मी दिवसभर बदकं काढायचो. माणसं कमी पडली की पाठीही मीच लावायचो. एक दिवस पत्रे पालथे वाळत पडले होते. इस्पितळ बांधणारा एकजण भांडी बघायला आला होता, तो त्या पत्र्यांपाशी थांबला. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. खोटं नव्हतो बोललो, ताई. पाठ लावताना हात असाच फिरतो, असं मला वाटायचं. इस्पितळाची भिंत केली. नाव झालं. मग एकदा बायको शेजारी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, करंगळी का वाकडी करतोस? मी हाताकडे बघितलं."

त्यानं उजवा हात वर धरला. पाची बोटं पसरली.

"माझी करंगळी तर सरळ आहे, ताई."

खाली गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि थांबला.

"त्याच दिवशी हा पत्रा केला," मधला म्हणाला. "जुन्या पत्र्यावर पुढून कारखान्याची बदकं होतीच. पाठ मुद्दाम तुझ्यासारखी लावली. लिहायला बसलो, तर शब्द मिळेना. चोरी लिहू, आठवण लिहू, माफ कर लिहू, काय लिहू? म्हटलं, तिला पाठ दाखवली की तिला कळेल. तिच्याइतकी पाठ कुणाला कळते?"

"अरे मूर्खा," थोरली म्हणाली, "मला फक्त ओली कळते."

मधल्यानं डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याच्याही मनात आली नव्हती. तोसुद्धा शेवटी पुढच्या अंगाचा माणूस.

प्रदर्शनवालीनं पुस्तकाचं एक पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "म्हणजे ही तुटलेली नाळ नाही?"

"करंगळी आहे, बाई," थोरली म्हणाली.

"मग खाली नाव कुणाचं लिहायचं?"

यावर सगळे एकदम बोलायला लागले. धाकटा म्हणाला, दोघांचं. त्याची बायको म्हणाली, वन्संचं, आणि आधी. मुलगी म्हणाली, नुसतं या पत्र्यावर नाही, इस्पितळावर आणि स्टेशनावरही आत्याचंच लावायला हवं. धाकटा म्हणाला, अगं भिंती त्यानं बांधल्या, तिथे राबला तो, आत्या इथे होती. बायको म्हणाली, ती इथे राबत नव्हती वाटतं? प्रदर्शनवाली कपाळ चोळत म्हणाली की पुस्तक छापून झालंय. मधला एवढंच म्हणाला, "ताई म्हणेल ते," आणि मग सगळ्यांची तोंडं थोरलीकडे वळली.

थोरलीनं काय म्हणावं? हात फिरवताना तिच्या मनात कला नव्हती; जेवणाला किती वेळ आहे, हे असायचं. ते चित्र असेल तर तिनं न काढता निघालं. ते चित्र नसेल तर कुत्र्याच्या पाटीमागचा तो निळा बघून तिथून हात का उचलवेना? भावानं तिचं नेलं असं म्हणावं, तर तिनं ते कधीच हरवलेलं म्हणून शोधलं नव्हतं. त्यानं जपलं म्हणावं, तर जपलेल्या वस्तूखाली त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिला आनंद होत होता, आणि कुणीतरी कानफटात मारल्यासारखंही वाटत होतं.

"चोरलंस की सांभाळलंस?" तिनं विचारलं. "खरं सांग."

"मला कळलं असतं तर मी आधीच नसतो आलो?"

हे उत्तर तिला पटलं. निदान त्यालाही कळत नव्हतं. ती उठली, पत्रा प्रदर्शनवालीच्या मोज्यातल्या हातांत दिला आणि म्हणाली, "घेऊन जा. बदकं भिंतीकडे करून लावा. नावाचं मला अजून कळत नाही. कळलं की कळवीन. आणि या वेळी लिहून कळवीन, गवंड्याबरोबर नाही."

प्रदर्शनवाली जिना उतरून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. घड्याळाखालची जागा रिकामी राहिली, आणि धाकट्याची बायको कप गोळा करायला लागली. आता तिथे काय लावायचं, यावर धाकटा बोलायला लागला होता, पण थोरलीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं कपाटातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ती दाराबाहेर गेली. मधला तिच्यामागे गेला.

दारावर घराच्या नंबराची पाटी होती. वडिलांच्या हातची, पांढऱ्यावर निळा आकडा, कडेला बारीक रेघ. घर बांधलं तेव्हा लावलेली, त्यानंतर कधी न काढलेली. थोरलीनं दोन्ही स्क्रू काढून मधल्याच्या हातात दिले आणि पाटी उलटी केली. मागे भिंतीचा चुना आणि कोळ्याची जाळी होती. तिनं पदरानं पुसलं. मग थुंकी लावून पुसलं.

काळा, पिवळा, मधे एक विटकरी लाल. चार रेघा, लहान मुलीच्या बोटांएवढ्या. चारही सलग.

"यंत्राच्या आधीची," मधला म्हणाला.

"हं," थोरली म्हणाली. तिनं त्या चौथ्या रेघेवर वाकडी करंगळी ठेवून बघितली. ती बसली नाही. मग तिनं पाटी दाराला लावली. आकडा आत, रेघा बाहेर.

धाकटा उंबऱ्यात येऊन उभा होता. "अगं ताई, उलटी लावतेस! नंबर दिसणार नाही. आलेल्या माणसाला घर सापडणार कसं?"

"ज्याला यायचंय तो विचारत येईल," थोरली म्हणाली. पहिला स्क्रू तिनं घट्ट पिळला आणि मागे न बघता हात मागे केला. मधल्यानं दुसरा स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला.